रुपयाची तारीख

(नागपूर येथील एका स्मृती व्याख्यानमालेत विद्यार्थी आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर जमाखर्च शिकवला. वाणिज्य शाखेच्या मुलांना वर्गात शिकवला आणि ज्यांचा वाणिज्याशी संबंध नव्हता अशांना वर्गाबाहेर शिकवला. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून विद्यार्थ्यांच्या पैशाबद्दल बोलावं, असं मला मनापासून वाटलं. श्रीमंत कसं व्हावं हे मी आज सांगणार नाही. परीक्षेच्या अर्जाची शेवटची तारीख उद्यावर आलेली असते, खिशात पैसे नसतात आणि घरी फोन करायचा धीर होत नाही. त्या दिवसाबद्दल मला बोलायचं आहे. तो दिवस या सभागृहातल्या पुष्कळांनी पाहिलेला आहे.

माझं म्हणणं थोडक्यात सांगून टाकतो. पैसा किती आहे, हे आपण सगळेच मोजतो. पैसा केव्हा येणार आणि केव्हा जाणार, हे फार थोडे लोक मोजतात. प्रत्येक रुपयाला तारीख असते. व्याज, कर्ज, बचत, विमा, महागाई हे जड वाटणारे शब्द शेवटी याच तारखेचे हिशेब आहेत. ज्याला तारखा कळल्या त्याला अर्थनियोजनाचा मोठा भाग कळला.

सुरुवात आपल्या घरापासून करू. नागपुरात शिकायला येणारी मुलं कुठून येतात? गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, वर्धा, यवतमाळ. कोणाचं धान आहे, कोणाचा कापूस, कोणाचं सोयाबीन, काटोल-नरखेडकडच्या मुलांच्या घरी संत्र्याची बाग. या घरांमध्ये पैसा महिन्याच्या एक तारखेला येत नाही. सोयाबीन दिवाळीच्या आसपास विकलं जातं. कापसाची पहिली वेचणी घरात येते ती त्याच सुमाराला आणि पुढे दोन-तीन महिने थोडी थोडी येत राहते. धान निघतं नोव्हेंबर-डिसेंबरात, तूर जानेवारी-फेब्रुवारीत. बाग असेल तर आंबिया बहाराचे पैसे वेगळ्या वेळी, मृग बहाराचे वेगळ्या वेळी. म्हणजे वर्षातून दोनदा, फार तर तीनदा घरात पैसा दिसतो.

आता विद्यार्थ्याचा खर्च पाहा. प्रवेश कधी? जून ते ऑगस्ट. त्याच महिन्यांत बियाणं घ्यायचं असतं, खत घ्यायचं असतं, पेरणी आणि निंदणीची मजुरी द्यायची असते. घरातली सगळी रोकड मातीत गेलेली असते, त्याच वेळी कॉलेजची फी भरायची असते, खोलीची अनामत द्यायची असते, मेसचे पैसे आगाऊ द्यायचे असतात. वर्षातला सगळ्यात रिकामा महिना आणि वर्षातला सगळ्यात मोठा खर्च, दोन्ही एकाच वेळी येतात. बापाकडे पैसे नसतात असं नाही. डिसेंबरात असतात. जुलैत नसतात. ही दरी कोण भरून काढतं? पुष्कळदा सावकार भरून काढतो.

म्हणून मला शहरी पुस्तकांतला महिन्याचा अंदाजपत्रकी तक्ता आपल्या मुलांसाठी अपुरा वाटतो. ज्याच्या घरी पगार येतो, त्याला महिन्याचा हिशेब पुरतो. ज्याच्या घरी पीक येतं, त्याला वर्षाचा हिशेब मांडावा लागतो. एक साधं कॅलेंडर घ्या. त्यावर घरात पैसा यायचे महिने एका रंगाने खुणा करून ठेवा. फी, परीक्षा अर्ज, खोलीभाडं, मेस, वह्या-पुस्तकं, सणाला घरी जायचं भाडं हे दुसऱ्या रंगाने. दोन्ही रंग समोर आले की कुठल्या तीन महिन्यांत अडचण येणार, हे सहा महिने आधी दिसतं. सहा महिने आधी दिसलेल्या अडचणीवर उपाय करता येतो. आठ दिवस आधी दिसली तर व्याजाने पैसे काढावे लागतात.

याच कॅलेंडरवर आणखी एक तारीख लिहायला सांगतो. वडिलांच्या पीककर्जाच्या फेडीची. महाराष्ट्रात तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर शेतकऱ्याला व्याज पडत नाही, त्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाची व्याज सवलत योजना आहे. मुदत चुकली की सवलत गेली. मुलाने नेमके त्याच आठवड्यात वीस हजार मागितले आणि वडिलांनी सोसायटीत भरायचे पैसे मुलाला पाठवले, तर त्या वीस हजारांची किंमत वीस हजार राहत नाही. पण मुलाला हे माहीत असतं का? आपण घरात मुलांना पैशाच्या गोष्टी सांगत नाही. "तू अभ्यास कर, पैशाचं मी बघतो," असं म्हणतो. त्या बोलण्यात माया आहे, हे मी जाणतो. पण त्या मायेमुळे मुलगा अंधारात राहतो, आणि अंधारात राहिलेला मुलगा चुकीच्या वेळी पैसे मागतो.

शिष्यवृत्तीचंही तसंच. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्यात नागपूरसारख्या शहरासाठी भोजनाचे 32 हजार, निवासाचे 20 हजार आणि निर्वाहाचे 8 हजार, असे वर्षाला 60 हजार रुपये धरले आहेत. इतर समाजघटकांसाठी वेगळ्या योजना आहेत. राज्य सरकारने 2024 मध्ये आठ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांतली फीही माफ केली. या योजना तुमच्या हक्काच्या आहेत. शिष्यवृत्तीसाठी शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज भरताना उत्पन्नाचा दाखला, जातवैधता, आधार जोडलेलं बँक खातं यांतलं एक जरी राहिलं तरी अर्ज परत येतो. उत्पन्नाचा दाखला उन्हाळ्यातच तहसीलमधून काढून ठेवा. आणि शिष्यवृत्ती मंजूर झाली म्हणजे ती हातात आली असं धरू नका. पैसे उशिरा येतात. विद्यार्थ्यांनी कॅलेंडरवर तो महिना चार-सहा महिने पुढे ढकलून लिहावा, आणि आपल्यातल्या जाणत्या मंडळींनी हे पैसे वेळेवर सोडावेत म्हणून शासनाच्या मागे लागावं. जुलैच्या मेसचे पैसे मार्चमध्ये दिले तर ती मदत अर्धी होते, हे सरकारी कचेरीत बसलेल्यांनाही कळलं पाहिजे.

आता मी तुम्हाला एका विद्यार्थ्याचा हिशेब सांगतो. नागपूरकरांना त्यांचं नाव सांगावं लागत नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी ते याच शहरात दीक्षाभूमीवर उभे होते. पण मला त्यांच्या आयुष्यातली त्याच्या चार दशकं आधीची गोष्ट सांगायची आहे.

1913 मध्ये बाबासाहेब बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. शिष्यवृत्ती महिन्याला साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांची. बदल्यात परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायचा करार होता. त्याच पैशातून त्यांना तिथे राहायचं होतं, पुस्तकं घ्यायची होती आणि घरी पत्नी रमाबाईंनाही पाठवायचे होते. तिथून ते लंडनला गेले, आणि 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं. वेगळ्या जहाजाने पाठवलेली त्यांची पुस्तकं महायुद्धात समुद्रात बुडाली. त्या सामानाची भरपाई म्हणून थॉमस कुक कंपनीकडून सहाशे रुपये आले, तेव्हा कुठे बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला जाण्याची सोय झाली. जगातल्या दोन नामांकित विद्यापीठांत शिकलेल्या माणसाकडे बडोद्याच्या प्रवासाचे पैसे नव्हते.

पण लंडन विद्यापीठाने त्यांना एक गोष्ट दिली होती. ऑक्टोबर 1917 पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पूर्ण करायची परवानगी. तारीख! त्या तारखेभोवती बाबासाहेबांनी पुढची वर्षं कशी मांडली ते बघा. नोव्हेंबर 1918 मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगार साडेचारशे रुपये. त्या काळात हा चांगला पगार. परळच्या चाळीत राहून घरखर्चाला ठरावीक रक्कम द्यायची आणि उरलेलं साठवायचं, असं त्यांनी ठेवलं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत मिळाली. नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये कर्जाऊ घेतले. आणि 1920 मध्ये, चार वर्षांची मुदत संपायच्या आत, ते लंडनला परत पोहोचले. तिथे दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात वाचायचं आणि रात्री पापड आणि कपभर दुधावर भागवायचं, हे त्यांच्या चरित्रांतून सगळ्यांनी वाचलेलं आहे. 1921 मध्ये एम.एस्सी. झाले, 1923 मध्ये डी.एस्सी. झाले, मधल्या काळात बॅरिस्टरीही पूर्ण केली.

यात किती गोष्टी आहेत, मोजा. बचत आहे. मदत आहे. कर्ज आहे. काटकसर आहे. आपण बाबासाहेबांच्या कष्टांबद्दल भरभरून बोलतो आणि ते बोललंच पाहिजे. पण त्यांच्या नियोजनाबद्दल आपण कमी बोलतो. त्यांनी कर्ज घेतलं. ओळखीच्या, विश्वासाच्या माणसाकडून घेतलं, ठरलेल्या कामासाठी घेतलं. कर्ज म्हणजे पाप, असं आपल्या घरांतून शिकवलं जातं. सावकारीत जमिनी गेलेल्या समाजाला असं वाटणं स्वाभाविक आहे. पण कर्ज चांगलं की वाईट, हे ठरवायला तीन प्रश्न विचारावे लागतात. कशासाठी? कोणाकडून? कोणत्या व्याजाने?

आणि त्यांच्या डी.एस्सी.च्या प्रबंधाचा विषय काय होता? रुपया. 1923 मध्ये लंडनहून प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथात त्यांनी मांडलं की रुपयाचा परदेशी चलनाशी विनिमय दर स्थिर ठेवण्यापेक्षा देशातल्या माणसासाठी रुपयाची खरेदीशक्ती स्थिर राहणं जास्त महत्त्वाचं आहे. म्हणजे आपल्या हातातला रुपया उद्या किती धान्य आणू शकेल, हा प्रश्न. आपण ज्याला महागाई म्हणतो तोच हा प्रश्न. मेसला आज महिन्याला तीन हजार लागत असतील आणि महागाई सहा टक्क्यांनी वाढत असेल, तर बारा वर्षांनी तेच जेवण सहा हजारांना पडेल. बाहत्तरला व्याजाच्या किंवा महागाईच्या दराने भागा, साधारण तितक्या वर्षांत रक्कम दुप्पट होते. हा हिशेब पाठ करून ठेवा, आयुष्यभर कामी येईल.

हाच हिशेब सावकाराच्या व्याजाला लावू. आपल्याकडे सावकारी व्याज कसं बोलतात? "शेकडा तीन." ऐकायला किती लहान वाटतं! पण ते महिन्याचं असतं. वर्षाचे छत्तीस टक्के. वीस हजार काढले तर महिन्याला सहाशे रुपये नुसतं व्याज, वर्षाला सात हजार दोनशे, आणि मुद्दल जिथल्या तिथे. क्रेडिट कार्डाची थकबाकी पुष्कळदा याच्याही वर, महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास चालते. भरली नाही तर दोन वर्षांच्या आत दुप्पट. आपल्या जुन्या कायद्यात दामदुपटीचा नियम होता, व्याज मुद्दलाच्या वर चढू द्यायचं नाही. मोबाइलवरच्या कर्जाच्या ॲपमधून पाच हजार घेताना असा कुठलाही पूर्वजांचा आधार तुमच्या पाठीशी नसतो. रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये डिजिटल कर्जांसाठी नियम आणले. कर्ज देणारी नोंदणीकृत संस्था कोण, वर्षाचा एकूण व्याजदर किती, हे ॲपने आधी दाखवलंच पाहिजे. जे दाखवत नाही, ते मोबाइलमधून काढून टाका. आणि जो तुमचे फोनमधले सगळे नंबर आणि फोटो मागतो, तो पैसे वसूल करायला तुमच्या आईला आणि मैत्रिणींना फोन करण्याची तयारी आधीच करून बसलेला असतो.

शैक्षणिक कर्जाबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण यात मुलं सगळ्यात जास्त गोंधळतात. बँकांच्या ठरलेल्या योजनेत चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांमध्ये प्रवेश मिळालेल्यांना तारण आणि जामीनदार दोन्ही लागत नाहीत. आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलत आहे. कर्ज फेडायची सुरुवात अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं.

पण त्या मधल्या काळात व्याज थांबतं का? नाही. ते चालूच असतं. फक्त तुमच्याकडे मागितलं जात नाही, म्हणून दिसत नाही. सरकारी व्याज सवलतीच्या अटींत तुम्ही बसत असाल तर गोष्ट वेगळी. नसाल तर हिशेब असा: चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरवर्षी एक लाख रुपये उचलले, दहा टक्के सरळव्याजाने. पहिल्या लाखावर पाच वर्षांचं व्याज पन्नास हजार, दुसऱ्यावर चाळीस, तिसऱ्यावर तीस, चौथ्यावर वीस. एकूण एक लाख चाळीस हजार. हप्ता सुरू होईल त्या दिवशी तुमचं कर्ज चार लाख नसतं, पाच लाख चाळीस हजार असतं. दहा वर्षांच्या मुदतीत त्याचा हप्ता पडतो साधारण 7,136 रुपये. हेच व्याज शिकता शिकता भरत गेलात, तर कर्ज चार लाखच राहतं आणि हप्ता येतो साधारण 5,286 रुपयांचा. दर महिन्याला साडेअठराशेचा फरक, सलग दहा वर्षं.

आणि शिकता शिकता भरायचं म्हणजे किती? पहिल्या वर्षी महिन्याला 833 रुपये. दरवर्षी तेवढे वाढत जातात, चौथ्या वर्षी आणि हप्ता सुरू होईपर्यंतच्या पुढच्या वर्षी 3,333. सगळ्यांना ते सगळं जमेल असं मी म्हणत नाही. पण पहिल्या वर्षाचे 833 पुष्कळ घरांना जमू शकतात, आणि सोयाबीन विकल्यावर वर्षाचं एकदम भरणंही जमू शकतं. असं व्याज भरणाऱ्याला काही बँका दरात एक टक्का सूटही देतात. कर्ज घेतानाच विचारा. बँकेच्या टेबलासमोर बसल्यावर प्रश्न विचारायला लाजायचं नाही. तुम्ही तिथे ग्राहक म्हणून गेलेले असता.

हप्ता वेळेवर भरला की नाही, याची नोंद राहते. सिबिल आणि अशाच आणखी तीन संस्था ती नोंद ठेवतात; गुण 300 ते 900 असतात. वर्षातून एकदा ती नोंद प्रत्येक संस्थेकडून फुकट मागता येते. मागा. कारण मित्राच्या मोबाइलच्या हप्त्यावर तुम्ही सही केली असेल, तर त्याने न भरलेला हप्ता तुमच्या नावावर लागलेला असतो. मैत्रीत दोन हजार रुपये सरळ देऊन टाका, गेले तर गेले. सही देऊ नका.

याच ओघात एक अत्यंत गंभीर गोष्ट. हल्ली विद्यार्थ्यांकडे कोणीतरी येतं आणि म्हणतं, तुझं बँक खातं थोडे दिवस वापरायला दे, कार्ड आणि सिम दे, पाच-दहा हजार देतो. द्यायचं नाही. सायबर फसवणुकीचे पैसे अशाच खात्यांमधून फिरवले जातात. पोलीस पोहोचतात ते खातेदाराकडे. खातं गोठतं, गुन्हा दाखल होतो, आणि शासकीय नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत तो गुन्हा समोर येतो. रामदासपेठेतल्या अभ्यासिकेत तीन-तीन वर्षं बसून ज्या नोकरीची तयारी केली, ती पाच हजारांत गेली. स्वतः फसवले गेलात तर 1930 या क्रमांकावर लगेच फोन करा. पहिल्या तासा-दोन तासांत केलेली तक्रार पैसे थांबवू शकते. इथेही वेळच.

आतापर्यंत पैसा केव्हा येतो आणि उसना पैसा केवढ्याला पडतो, एवढं झालं. आता साठवलेला पैसा कुठे ठेवायचा? याबाबतीत विदर्भाला फार महागात धडे मिळालेले आहेत आणि ते आपण विसरत चाललो आहोत.

1960 मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्याच वर्षी केरळातली पालई सेंट्रल बँक बुडाली. ठेवीदारांचे एवढे हाल झाले की देशभर ठेवींच्या विम्याची मागणी झाली आणि 1 जानेवारी 1962 पासून ठेव विमा महामंडळ सुरू झालं. तेव्हा संरक्षण होतं फक्त दीड हजार रुपयांचं. आज कुठल्याही बँकेत तुमच्या ठेवीला मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंत जे संरक्षण आहे, त्याच्या मुळाशी अकोल्याच्या ठेवीदारांचा तळतळाट आहे. एक लाखाचे पाच लाख झाले ते 4 फेब्रुवारी 2020 पासून, मुंबईच्या पीएमसी बँकेतल्या ठेवीदारांचे पैसे अडकल्यानंतर. हे संरक्षण बँकांना आहे, सहकारी बँकांनाही आहे. पतसंस्थेला ते नाही. भिशीला नाही. चौकातल्या "योजने"ला तर नाहीच. पाटीवर बँक लिहिलं आहे की पतसंस्था, एवढं वाचून मग पैसे ठेवा. पतसंस्था वाईट असतात असं माझं म्हणणं नाही, चांगल्या पतसंस्थांनी गावं उभी केली आहेत. पण तिथे धोका तुमचा आहे, हे ठाऊक असलं पाहिजे.

आणि नागपूर? 2013 मध्ये श्रीसूर्या, 2014 मध्ये वासनकर. गुंतवणूक बुडवणाऱ्या या दोन्ही कंपन्यांची नावं या शहरातल्या निवृत्त माणसांना आजही अस्वस्थ करतात. दोन्ही ठिकाणी बँकेपेक्षा कितीतरी जास्त परताव्याचं आमिष होतं, दोन्ही प्रकरणांत गुन्हे दाखल झाले, अटका झाल्या. गुंतवणारे कोण होते? शिकलेले लोक. डॉक्टर, प्राध्यापक, निवृत्त अधिकारी. शिक्षणाने माणूस हिशेबी होतो असं नाही. आपल्याकडे ठेवीदारांच्या हितासाठी 1999 पासून एमपीआयडी कायदा आहे, 2019 मध्ये केंद्राने अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदाही केला. कायदा आरोपीपर्यंत पोहोचतो. पैसे परत येईपर्यंत किती वर्षं जातात? नागपूर जिल्हा मध्यवर्ती बँकेतल्या दीडशे कोटींच्या रोख्यांचं प्रकरण 2002 मधलं आहे. त्याचा खालच्या न्यायालयातला निकाल डिसेंबर 2023 मध्ये लागला. त्या साली जन्मलेलं मूल निकाल लागला तेव्हा पदवीधर व्हायच्या वयाचं झालं होतं. म्हणून सांगतो, जो माणूस बँकेच्या दुप्पट व्याज "हमखास" म्हणतो, त्याच्या दारातून उठून या. तो नातेवाईक असला तरी उठून या. नातेवाईक असला तर जास्तच लवकर उठा, कारण अशा योजना ओळखीतूनच पसरतात.

शेअर बाजाराबद्दल तुम्ही मला हमखास विचाराल. चांगल्या कंपन्यांत, म्युच्युअल फंडात, वर्षानुवर्षं थोडे थोडे पैसे ठेवणं ही शहाणपणाची गोष्ट आहे. नोकरी लागल्यावर जरूर करा. पण वसतिगृहाच्या खोलीत मोबाइलवर जो ऑप्शनचा खेळ चालतो, त्याबद्दल सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये आकडे दिले. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या दर शंभर सामान्य व्यवहारकर्त्यांपैकी 93 जणांचं नुकसान झालं. एकूण नुकसान 1 लाख 80 हजार कोटींच्या वर. आणि तिशीच्या आतल्या मुलांचं प्रमाण एका वर्षात 31 टक्क्यांवरून 43 टक्क्यांवर गेलं. हे पैसे कुठून आले असतील? बापाने कापूस विकून पाठवलेल्या फीमधून आले असतील, बहिणीच्या लग्नाला ठेवलेल्या ठेवीतून आले असतील. हे मी रागाने बोलतो आहे, आणि राग तुमच्यावर नाही. "कॉलेजात असतानाच लखपती" म्हणून जे लोक तुम्हाला क्लास विकतात, त्यांच्यावर आहे.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. अठरा वर्षं पूर्ण झाली असतील तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा घ्या. वर्षाला वीस रुपये, अपघाती मृत्यूला दोन लाखांचं संरक्षण, वर्ष 1 जूनपासून धरतात, म्हणून मे महिन्याच्या शेवटी खात्यात पैसे ठेवा. घरच्यांचं रेशनकार्ड आणि आधार नीट आहेत ना ते बघा, महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतला पाच लाखांपर्यंतचा उपचार त्यावर अवलंबून असतो. पीपीएफचं खातं वर्षाला पाचशे रुपयांवर चालू राहतं, मुदत पंधरा वर्षांची. विसाव्या वर्षी उघडलं तर पस्तिशीत हातात येतं. अडीनडीला म्हणून एका महिन्याचं भाडं, एका महिन्याची मेस आणि गावी जायचं भाडं, एवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा. ज्या खात्यावरून रोज यूपीआयने चहा-पोहे घेता, त्या खात्यात ती ठेवू नका. आणि रोजचा खर्च लिहा. फोनमध्ये नोंद असते खरी, पण ती आपण वाचत नाही. रात्री वहीत हाताने पाच ओळी लिहिल्या की त्या लक्षात राहतात. गुरुजी हेच सांगायचे.

शिक्षक मंडळींना एक विनंती. पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात आपण मुलांना ग्रंथालय दाखवतो, प्रयोगशाळा दाखवतो. त्याच आठवड्यात एक तास शिष्यवृत्तीच्या आणि फीच्या तारखांना द्या. फी हप्त्यांत घ्यायची सोय असेल तर ती फलकावर लावा. पुष्कळ महाविद्यालयांत ती सोय असते आणि ज्यांना तिची गरज असते, नेमक्या त्याच मुलांना ती माहीत नसते, कारण ती मुलं विचारायला येत नाहीत.

पालकांना विनंती, मुलांना घरचं कर्ज सांगा. त्यांना ओझं होईल म्हणून लपवू नका. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला ते पेलतं. लपवलेलं कर्ज त्याला कधीतरी शेजाऱ्याकडून कळतं, तेव्हा जास्त लागतं.

आणि विद्यार्थ्यांनो, या रविवारी घरी फोन कराल तेव्हा जेवलास का, अभ्यास झाला का, एवढ्यावर फोन ठेवू नका. सोसायटीचं कर्ज किती आहे, कोणत्या तारखेला भरायचं आहे, यंदाचा माल कधी विकायचा विचार आहे, आणि कोणाचे हातउसने घेतलेले आहेत का, हे चार प्रश्न वडिलांना किंवा आईला विचारा. उत्तरं वहीत लिहून घ्या, आणि पुढच्या सत्राची फी कधी, किती लागणार आहे, ते त्याच फोनवर त्यांना सांगा.